दोनशे चौदा हिरवे चेहरे

घ्या, नाव घ्या देवाचं! मोठ्यानं! — अहो, हे काय? एवढे दोनशे जण बसलात आणि आवाज असा? मीटिंगमध्ये म्यूटवर बसायची सवय इथंही आणलीत वाटतं! पुन्हा घ्या. — हां, आता कसं! आता देवाला कळलं की माणसं आलीत.

पूर्वरंग झाला, बुक्का लावून झाला, हार घातलात. आता मंडळी, आख्यानाला बसा नीट. मागचे ते निळ्या शर्टवाले दादा — मोबाइल पालथा ठेवा. सुलटा नाही, पालथा! हं.

आधी एक प्रश्न विचारते. दुसऱ्याच्या मनाचं उत्तर आपण परस्पर देऊन टाकलं. चोरून नाही, वैरानं नाही — त्याच्याच भल्यासाठी, त्याचा त्रास वाचावा म्हणून दिलं. "तो ना? तो मजेत आहे!" — तर हे पुण्य की पाप? लगेच माना डोलवू नका. मलाही बरेच दिवस कळत नव्हतं.

तुमचे सेक्रेटरी साहेब मला म्हणाले, "ताई, आमच्या सोसायटीत सगळे आयटीवाले. जरा ताणतणाव, मनःशांती, ध्यान यावर होऊ द्या. आणि पॉझिटिव्ह ठेवा हं!" पॉझिटिव्ह! बघते हो साहेब. जमलं तर ठेवते.

तर मंडळी, ऐका. एक होती कंपनी. नाव विचारू नका, गोष्ट माझी, कंपनीही माझीच. काचेची सात मजली इमारत, खाली कॉफीचं दुकान, वर माणसं. चौथ्या मजल्यावर बारा जणांची एक टीम, आणि त्या टीमचा मॅनेजर मकरंद सोनटक्के. वय अडतीस. माणूस वाईट? छे! वाईट असता तर मी आख्यान कशाला केलं असतं, शिवी देऊन मोकळी झाले असते. माणूस चांगला. कुणाचा वाढदिवस विसरायचा नाही, कुणाला सुट्टी हवी तर भांडून मिळवून द्यायचा.

आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत उमाकांत दाभाडे. मूळ औशाचा, लातूरकडचा. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलेले, अकरा वर्षं बरोबर. मकरंद पुढे गेला, मॅनेजर झाला. उमाकांत कामात वाघ, पण बोलण्यात गाय. तो राहिला मागे. तरी दोघांत अरे-तुरे होतं. जेवणाचे डबे एकत्र उघडायचे.

आता या कंपनीत एक दिवस मनःशांती आली. आली म्हणजे काय, वरून मेल आला! "सोमवारपासून सर्वांनी शांत व्हावे." एक प्रशिक्षक आले, पांढरा कुर्ता, गळ्यात माइक. त्यांनी प्रत्येकाच्या हातावर एक बेदाणा ठेवला. एकच! म्हणाले, "हा दहा मिनिटं खायचा आहे. त्याच्या सुरकुत्या अनुभवा." अहो, आमच्याकडे प्रसादाला बेदाणे ठेवले तर दहा मिनिटांत ताट साफ होतं, सुरकुत्या अनुभवायला उरतात कुठे! पण बसले बिचारे डोळे मिटून. एक डोळा बेदाण्यावर, दुसरा लॅपटॉपवर.

हसा, हसा. हसण्यापुरतं एवढंच आहे या आख्यानात.

बेदाणा एका दिवसाचा होता. कायमची आली ती दुसरी गोष्ट. प्रत्येकाच्या मोबाइलवर एक ॲप. रोज सकाळी दहाच्या आत उघडायचं. पाच चेहरे दिसायचे. एकदम हसरा हिरवा इथपासून रडका लाल इथपर्यंत. "आज तुमचं मन कसं आहे?" एक चेहरा दाबायचा की झालं. कल्पना वाईट नाही हो! घरच्यांनी सुद्धा रोज असं विचारलं तर किती संसार सुधरतील.

पहिला सोमवार उजाडला. उमाकांतनं ॲप उघडलं, विचार केला, आणि लाल दाबला. मंगळवारी लाल. बुधवारी लाल. का? कारण भोळा! त्याला वाटलं, विचारलंय म्हणजे ऐकायचं असेल.

बुधवारी दुपारी एचआरच्या मीनल मॅडमचा मकरंदला फोन. "मकरंद, तुझ्या टीममध्ये एक लाल आहे. तीन दिवस झाले. तुझ्या टीमचा स्वास्थ्याचा आकडा खाली आलाय. काय करतोयस तू?" उमाकांतच्या हातात चार पानी फॉर्म आला — आपल्या दुःखाची कारणं लिहा, प्राधान्यक्रमानं! आणि वर उपाय. काय उपाय? काम कमी केलं? दोन माणसांचं काम एकटा ओढत होता, एक माणूस वाढवला? नाही! रोज संध्याकाळी काम संपल्यावर एक तास मनःशांतीचा जादा वर्ग, हजेरी सक्तीची. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! आधी आठला घरी पोचायचा, आता नऊ वाजणार!

दुसऱ्या दिवशी डबा खाताना उमाकांत म्हणाला, "मकरंद, चुकलं रे माझं. परत नाही लाल दाबणार."

मकरंदला वाईट वाटलं. खरंच वाटलं! म्हणाला, "अरे, तू दाबूच नकोस काही. कुणीच दाबू नका. मला सगळ्यांचे पासवर्ड द्या. सकाळी चहा घेता घेता मी सगळ्यांचं भरून टाकतो. तुमची कटकट वाचेल."

बाकीच्या अकरा जणांनी सुटकेचा निःश्वास सोडला. केवढा दिलदार मॅनेजर! आणि मंडळी, त्या दिवसापासून मकरंदचा नेम सुरू झाला. सकाळी साडेनऊला चहा, नऊ पस्तीसला ॲप. उमाकांत — हिरवा. दीप्ती — हिरवा. असलम — हिरवा. शेवटी स्वतःचा — हिरवा. दोन मिनिटांत बारा जीव सुखी! आपण नाही का बाकीचं मनात आणता आणता पटापट जप उरकतो, तसं. इकडे मणी सरकतोय, तिकडे कुकरच्या शिट्ट्या मोजतोय.

काही दिवस त्यानं विचारलंसुद्धा. "उम्या, तुझं काय दाबू आज?" उमाकांत मान वर न करता म्हणायचा, "दाब हिरवंच." मग विचारणं थांबलं. उत्तर ठरलेलं असलं की प्रश्न कोण विचारतो?

महिने गेले. मकरंदच्या टीमला ढाल मिळाली, "सर्वांत आनंदी टीम". फोटो निघाला. बारा जण, बारा जणांचे दात. माझी एक ओवी आहे यावर. कुठल्या संताची नाही हं, माझीच घरची आहे, कच्ची असेल तर सोडून द्या. अण्णा, द्या जरा ठेका —

मुखावरी हासू । ओठांवरी गोडी ।
कोण कडी मोडी । अंतरीची ॥

बस अण्णा. ठेका थांबवा. इथून पुढे तबला नको.

एका गुरुवारी संध्याकाळी उमाकांत बॅग खांद्याला लावून मकरंदच्या टेबलाशी उभा राहिला. म्हणाला, "मकरंद, दोन मिनिटं आहेत का रे? झोप लागत नाही हल्ली. छातीत जरा जडजड होतं... आणि घरी सांगायला नको वाटतं. तुझ्याशी बोलावं म्हटलं."

मकरंदच्या कानात हेडफोन, समोर पडद्यावर क्लायंट. त्यानं हातानंच खूण केली, थांब. मग ओठांनीच म्हणाला, "उद्या. नक्की." उमाकांत म्हणाला, "चालेल की," आणि गेला. जाताना हसला पण.

दुसऱ्या दिवशी नऊ पस्तीसला मकरंदनं काय दाबलं? — बोला ना! — हिरवं! अहो, संध्याकाळी छातीत जडजड म्हणणारा माणूस, सकाळी हिरवा! मकरंदच्या लक्षातही राहिलं नाही. "उद्या" म्हटलेला तो उद्या अकरा दिवस आलाच नाही. आणि बाराव्या दिवशी, चौदा तारखेला, पहाटे साडेपाचला, उमाकांत दाभाडे, वय एकोणचाळीस, बाथरूमच्या दारात पडला. बायकोनं, सारिकानं, हाका मारल्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मकरंदला कळलं दहा वाजून दहा मिनिटांनी. धावत गेला. खांदा दिला. ढसाढसा रडला हो तो, खोटं नाही बोलत मी.

आता घरात काय चाललं होतं ते ऐका. डॉक्टर जाताना सहज बोलून गेले होते, "फार ताण होता का त्यांना?" झालं! तो शब्द घरात राहिला. औशाहून आलेली उमाकांतची आई, शकुंतलाबाई, तेरा दिवस एकच विचारत होती, "ताण कशाचा? कुणी दिला माझ्या लेकराला ताण?" आणि सारिका तेरा दिवस एकच सांगत होती, "आई, ऑफिसचं ओझं होतं त्यांना. घरी आले तरी डोक्यात तेच असायचं." त्या एका वाक्याच्या आधारानं उभी होती ती पोर.

तेराव्याला कंपनीची माणसं आली. मीनल मॅडम, मकरंद, अजून दोघं. मॅडमनी एक मोठी चौकट आणली होती, कापडात गुंडाळलेली. वाटलं होतं, घरच्यांना धीर येईल. कापड काढलं. वर उमाकांतचा फोटो, आणि खाली ओळीनं हिरवे चेहरे! छोटे छोटे, टिकलीएवढे, प्रत्येकाखाली बारीक अक्षरात तारीख आणि वेळ. आणि वर सोनेरी अक्षरं — "दोनशे चौदा दिवस आनंदाचे". सुरुवातीचे तीन लाल तेवढे गाळले होते. चौकटीत शोभत नव्हते ना!

मीनल मॅडम म्हातारीजवळ बसून हळुवार म्हणाल्या, "आई, तुमचा मुलगा एक दिवससुद्धा दुःखी नव्हता हो आमच्याकडे. हे बघा, रोज सकाळी त्यानं स्वतः नोंदवलंय."

म्हातारीनं एकेका टिकलीवरून बोट फिरवलं. मग मान वर करून सुनेकडे बघितलं. "माझं लेकरू हापिसात रोज हसत होतं की गं! मग ताण कुठला? घरातलाच की! बाहेर हसत जायचं आणि तुझ्यापाशी येऊन मरायचं, असंच ना?"

पन्नास माणसं बसली होती. सारिका काय बोलणार? पुरावा भिंतीला टेकून उभा होता! मकरंद तिथंच होता, तीन हातांवर. बोललो तर ढाल जाईल, नोकरी जाईल, नव्या फ्लॅटचा हप्ता — आणि हे सगळं स्वतःशीही कबूल न करता मनाला एक छान समजूत घालता येते, मंडळी. "आत्ता नको. आत्ता घरात दुःख आहे. नंतर सांगू." बुंदीचा लाडू हातात घेतला त्यानं आणि निघाला.

पुढच्या आठवड्यात सारिकाचा फोन आला. आवाज अगदी खाली गेलेला. "भावजी, एकच विचारते. ऑफिसात ते खरंच आनंदात होते?"

काय म्हणाला असेल? म्हणाला, "हो वहिनी. हसतमुख होता तो."

धीर दिला म्हणे! अहो, बुडणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला आशीर्वादाचा, आणि दाबला खाली! कारण पलीकडे ती म्हणाली, "मग माझंच चुकलं भावजी. जायच्या दोन दिवस आधी मी बोलले होते त्यांना. घरी येता तरी घरात नसता, म्हटलं. मीच बोलले." आणि फोन ठेवला.

त्यानंतर मकरंदला घास गोड लागेना. सकाळी ॲप उघडायचा. अकराच चेहरे दाबायचे उरले होते. बोट एका जागी जाऊन थांबायचं. मग दाबायचा. हो, दाबणं थांबवलं नव्हतं! पश्चात्ताप मनात आणि बोट हिरव्यावर.

महिन्याच्या श्राद्धाला जेवायला बोलावणं आलं. नाही कसं म्हणणार? गेला. जेवणं झाली, पाहुणे पांगले. हॉलमध्ये तिघंच. भिंतीपाशी म्हातारी, दारापाशी मकरंद, आणि सारिका. ती उठली, खिळ्यावरची चौकट काढली, आणून त्याच्या मांडीवर ठेवली. शेवटच्या टिकलीवर बोट ठेवलं.

"भावजी, हे वाचा. माझ्या डोळ्यांना पाणी येतं, मला नीट दिसत नाही. तारीख काय आहे?"

"चौदा."

"वेळ?"

"नऊ... पस्तीस."

"चौदा तारखेला नऊ पस्तीसला ते इथं होते, भावजी. या फरशीवर. पांढऱ्या चादरीखाली. मी उशाशी बसले होते. मग हे हिरवं कुणी दाबलं?"

एवढी मोठी कंपनी! आनंद मोजायला यंत्रं, चौकटी करायला माणसं, सोनेरी अक्षरं, पण ती शेवटची तारीख एकानंही वाचली नव्हती. वाचली ती सारिकानं, तेराव्यापासून रोज तीच चौकट पुसता पुसता.

मंडळी, तुम्ही काय म्हणाला असता? खरं सांगा. नको, राहू द्या. मकरंद काय म्हणाला ते सांगते. म्हणाला, "कॉम्प्युटरची चूक असेल, वहिनी. होतं असं कधी कधी."

सारिकानं मान हलवली. "असेल," म्हणाली. चौकट परत उचलली. आणि मग अगदी साधेपणानं, भांडण नाही काही नाही, तिनं विचारलं, "म्हणजे ही एक चुकीची. बाकीची दोनशे तेरा खरी. हो ना?"

हो म्हटलं की सुटला होता! एक अक्षर! एक "हो" म्हणायचं आणि लिफ्टनं खाली जायचं. ही बाई जन्मभर नवऱ्याच्या मरणाचं खापर आपल्या डोक्यावर घेऊन त्याच म्हातारीला वाढत राहिली असती, आणि तिकडे मकरंदला पुढच्या वर्षी दुसरी ढाल मिळाली असती.

त्यानं तोंड उघडलं. हो म्हणायलाच उघडलं होतं. पण समोर बघितलं तर ती उत्तराची वाट बघत होती. या घरात अकरा वर्षं त्याला वाढलं होतं तिनं. त्याला रडूच फुटलं.

"नाही वहिनी. एकही खरी नाही. सगळ्या मी दाबल्यात. सगळ्यांच्याच मी दाबतो. त्यानं स्वतः तीनदाच दाबलं होतं, पहिल्या आठवड्यात. तीनही लाल होते. ते या चौकटीत नाहीत."

सारिका खाली बसली. मग ती सासूकडे वळली. "ऐकलंत आई?" एवढंच म्हणाली. जिंकल्यासारखं नाही. दमल्यासारखं.

म्हातारीनं सुनेकडे बघितलं, तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, मकरंदच्या समोर येऊन बसली. तो मान खाली घालून होता. शिव्या देईल, थोबाडीत मारेल, असं त्याला वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं! म्हातारीनं त्याची हनुवटी धरून मान वर केली आणि विचारलं —

"मग माझं लेकरू कसं होतं रे, बाळा? अकरा वर्षं तू शेजारी बसलास. दिवसाचे दहा तास. मी औशाला होते, मला फोनवर 'बरा आहे' म्हणायचा. तू जवळ होतास. तूच सांग. शेवटी शेवटी कसं होतं माझं लेकरू?"

आणि मंडळी, मकरंद सोनटक्केला उत्तर देता आलं नाही. कामाचं सगळं ठाऊक. कुठली फाइल कधी दिली, कधी लॉगिन केलं, सगळं. पण तो झोपत का नव्हता, कशाला घाबरत होता, घरी सांगायला काय नको वाटत होतं? आठवून आठवून त्याला एकच आठवलं. दोन मिनिटं मागितली होती त्यानं. दिली नव्हती.

"मी विचारलं नाही, काकू," तो म्हणाला.

म्हातारीनं हनुवटीचा हात काढून घेतला.

पुढचं सांगते, थोडक्यात. मकरंदनं कंपनीला सगळं लिहून कळवलं. नोकरी गेली. आणि कंपनी सुधारली बरं का! आता त्या ॲपला अंगठ्याचा ठसा लागतो. दुसऱ्याचा चेहरा दुसऱ्याला दाबता येत नाही. प्रत्येक जण रोज सकाळी स्वतःच्या अंगठ्यानं हिरवा दाबतो. असलमसुद्धा, दीप्तीसुद्धा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबणारा हात आपलाच.

सेक्रेटरी साहेब, पॉझिटिव्ह राहिलं का हो? नाही ना. माफ करा.

तुम्ही म्हणाल, ताई, कंपन्या दुष्ट आहेत, आम्ही काय करणार? कंपनीला मी काय सांगू? ती इथं कीर्तनाला येत नाही. तुम्ही आलात. म्हणून तुम्हालाच धरते. तुम्ही ध्यान करता, श्वास मोजता, मोजा! चांगलंच आहे. पण डोळे मिटून स्वतःच्या आत बघणारा माणूस डोळे उघडल्यावर शेजारच्याकडे बघत नसेल, तर त्या ध्यानाची किंमत माझ्या लेखी एका बेदाण्याएवढीही नाही. देव आत आहे म्हणता ना? मग तो शेजारच्या खुर्चीतल्याच्या आतही असणार. त्याला कधी विचारलंत, कसा आहेस? आणि विचारून उत्तरासाठी थांबलात?

टाळ्या नकोत. खरंच नकोत, हात खाली. तुम्ही आठ-आठ, दहा-दहा तास ज्याच्या शेजारी बसता, तो माणूस आत्ता डोळ्यांसमोर आणा. आलं तोंड? आता त्याची आई तुमच्यासमोर येऊन बसली आहे. ती विचारते आहे, "माझं लेकरू कसं आहे?" सांगा तिला.

सांगा ना! आरती तबकात तयार आहे, पण मला घाई नाही. ज्याला उत्तर येत असेल त्यानं उठावं आणि पहिली आरती घ्यावी. बाकीच्यांनी बसून राहावं, आणि उद्या सकाळी आधी विचारून यावं.